हीच का ती कालची? रोजच्या जगण्याच्या ॲनिमेतल्या नायिकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पहिल्या सीझनमध्ये ती अशी नव्हती.’ ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये हे वाक्य पडलं की त्या रात्री कुणी लवकर झोपत नाही. मीही अशा भांडणांत भरपूर वेळ घालवला आहे. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकतोय. ज्या मालिकांबद्दल लिहिलंय त्यांच्यातले प्रसंग उघड होतील. या प्रकारात ‘शेवट कळला’ म्हणून फारसं बिघडत नाही, तरी आधी सांगितलेलं बरं.

स्लाइस ऑफ लाइफमध्येच हा वाद एवढा का होतो?

कारण तिथे पात्रांशिवाय धरायला दुसरं काही नसतं. जपानीत या प्रकाराला ‘निचिजोकेइ’ म्हणतात, म्हणजे रोजच्या जगण्याचं. जग वाचवायचं नाही, सूड उगवायचा नाही. शाळा, क्लब, परीक्षा, पाऊस, सुट्टी, परत शाळा. मारधाडीच्या मालिकेत नायक मध्येच वेड्यासारखा वागला तरी पुढच्या लढाईत आपण ते विसरून जातो. इथे चारपाच मुली टेबलाभोवती केक खात बसलेल्या असतात आणि त्यातली एक तिच्या स्वभावात न बसणारं बोलली की लगेच कानाला टोचतं. घरातलं माणूस नेहमीपेक्षा वेगळ्या सुरात बोललं की टोचतं, तसंच.

मग ‘पात्र विसंगत आहे’ असं नेमकं कधी म्हणायचं?

दोन प्रसंगांत दोन तऱ्हा दिसल्या म्हणून लगेच म्हणू नये. ‘नॉन नॉन बियोरी’मधली होतारू घ्या. टोकियोहून खेड्यात आलेली, पाचवीतली मुलगी, पण उंची आणि वागणं असं की आठवीतली कोमारी तिला साध्या कपड्यांत बघून कुणीतरी अनोळखी मोठी बाई समजते. सगळ्यांशी अदबीने बोलते, समजूतदार आहे. हीच होतारू एकटी असताना कोमारीच्या कापडी बाहुल्या शिवून खोली भरून टाकते. दुसऱ्या सीझनमध्ये ती घरी आईशी कशी वागते ते दिसतं, तर बोबडं बोलण्यापर्यंत लाडात आलेलं बाळ. एकाच मुलीची तीन रूपं, पण विसंगती एकही नाही. बाहेर शहाणी म्हणून नावाजलेल्या किती मुली घरी आईच्या पदराला धरून असतात!

मी एकच खूण बघतो: मालिकेला स्वतःला हे ठाऊक आहे का? होतारूच्या बाबतीत आहे. गंमतच त्या फरकावर उभी केलेली आहे. जिथे मागच्या भागात काय घडलं ते मालिकाच विसरते, आणि आपल्यालाही ते आठवू नये अशी तिची अपेक्षा असते, तिथे मी ‘पात्र घसरलं’ म्हणतो.

‘के-ऑन!’मधल्या युइचं काय? ती हुशार आहे की बावळट?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

तक्रार अशी असते. ‘के-ऑन!’ ही शाळेतल्या मुलींच्या बँडची गोष्ट आणि युइ हिरासावा त्यातली गिटारवाली. तिला गिटार ट्यूनरशिवाय, नुसत्या कानाने सुरात लावता येते. बघता बघता ती स्टेजवर वाजवू लागते. मग ही मुलगी साध्या साध्या गोष्टी कशी विसरते? लेखकाला सोयीचं असेल तेव्हा ती अलौकिक आणि विनोद हवा असेल तेव्हा ढ, असं आहे का?

मला तसं वाटत नाही, आणि पुरावा पहिल्या सीझनमध्येच आहे. गणिताच्या परीक्षेत ती नापास होते. फेरपरीक्षेसाठी सगळ्या मिळून तिला घासून घेतात आणि ती चक्क शंभर गुण आणते. गिटार हातात घेते तर सगळे कॉर्ड विसरलेली! या एका विनोदात तिचा अख्खा स्वभाव आहे. तिच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते, पण जी मावते ती काठोकाठ. हे कळलं की पुढचं सगळं जुळत जातं.

गिटारचंच बघा. अडीच लाख येनांची लेस पॉल. दुकान बँडमधल्याच मुगीच्या घरच्यांच्या मालकीचं निघतं, म्हणून पन्नास हजारांत मिळते. युइ तिचं नाव ‘गीता’ ठेवते (आपल्याकडे हे ऐकून प्रत्येक जण एकदा तरी हसतोच), तिला कपडे घालते, शेजारी घेऊन झोपते. पण पुढे कधीतरी कळतं की युइने घेतल्यापासून तारा बदललेल्याच नाहीत, गंजून गेल्यात. एवढा जीव आणि एवढं दुर्लक्ष! कागदावर वाचलं तर विसंगत वाटेल. मला मात्र सायकलला रोज फडकं मारणारा आणि चेनला कधी तेल न घालणारा माझा मामेभाऊ आठवतो.

आणि मग बारावा भाग. शाळेच्या समारंभाचा दिवस, युइ तापातून नुकती उठलेली, आणि गिटार राहिली घरी. ती आणायला धावते. परत येताना तोच रस्ता, ज्यावरून ती पहिल्या भागात शाळेच्या पहिल्या दिवशी धावत गेली होती. धावता धावता ती मनातल्या मनात त्या दिवसाच्या स्वतःशी बोलते: घाबरू नकोस, तुला करता येईल असं काहीतरी लवकरच सापडणार आहे. पहिल्या भागात ही मुलगी ‘काहीतरी करायला हवं, पण काय ते कळत नाही’ म्हणून हैराण होती. संगीताच्या क्लबात शिरली तीसुद्धा हलकंफुलकं, करताल वाजवण्यासारखं काहीतरी असेल या गैरसमजातून. बाराव्या भागापर्यंत ती विसरभोळी आहे तशीच आहे, गिटार घरी विसरली ती त्यामुळेच. पण ती कुठे धावतेय हे तिला आता पक्कं ठाऊक आहे. स्वभाव तसाच ठेवून माणूस पुढे गेलेलं दाखवायचं ते असं. दिग्दर्शिका नाओको यामादा यांची ही पहिली मालिका, २००९ सालची.

आणि आझुसा? ती तर सरळ सरळ बदलली.

बदलली, पण बदलाचा रस्ता दिसतो. युइ आणि बाकीच्या दुसऱ्या वर्षात असताना ही एक वर्षाने धाकटी मुलगी क्लबात येते ती सगळ्यांत गंभीर म्हणून: चहा कसला पिताय, सराव करा. थोड्याच दिवसांत तिलाही केकची सवय लागते. ‘आझुसाचं तोंड बंद करून टाकलं’ असं म्हणणारे मला भेटलेत.

त्यांना नवव्या भागाकडे पाठवावं लागतं. तिथे ती इतर बँड ऐकायला जाते आणि गोंधळून रडते, कारण वादनात सरस असणारे कितीतरी आहेत, तरी तिला हलवून गेलं होतं ते या आळशी ताईंचं वादन, आणि का ते तिचं तिला सांगता येत नाही. हा प्रसंग मधून काढला तर तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर ठरेल. प्रसंग आहे, म्हणून नाही. दुसऱ्या सीझनमध्येही ‘सराव करूया’ म्हणणारी तीच असते, फक्त आता म्हणताना तिच्या हातात काटाचमचा असतो.

विसंगती येते तरी कुठून? एवढे लोक काम करतात, कुणाच्या लक्षात येत नाही?

एवढे लोक काम करतात म्हणूनच येते. साधारण बारातेरा भागांच्या मालिकेत ‘सिरीज कोसेइ’ म्हणजे सगळ्या भागांची आखणी करणारा एक लेखक असतो. पण प्रत्येक भागाची पटकथा त्याचीच असते असं नाही. त्यानंतर त्या भागाचा स्टोरीबोर्ड एकाचा, भागाचा दिग्दर्शक दुसरा, चित्रांवर शेवटचा हात फिरवणारा तिसरा. नायिका दार उघडून आत येते हे पटकथेत एका ओळीत असतं. ती दबकत येते की धडकन येते, ते स्टोरीबोर्डवाला ठरवतो. पाचव्या भागात दबकत आली आणि सहाव्यात धडकन, तर आपण लेखकाला शिव्या घालतो, पण बऱ्याचदा त्या दोन भागांचे स्टोरीबोर्डवालेच वेगळे असतात.

दुसरं कारण मूळ माँगात, म्हणजे जपानी चित्रकथेत. या प्रकारातल्या पुष्कळ मालिका ‘योनकोमा’वरून येतात: चार चौकटींची उभी पट्टी, चौथ्या चौकटीत विनोद. ‘आझुमांगा दाइओ’, ‘लकी स्टार’, ‘के-ऑन!’, ‘हिदामारी स्केच’, ‘बोच्ची द रॉक!’ या सगळ्या तिथल्याच. चार चौकटींत माणूस ओळखू यायला हवा म्हणून त्याला एक ठळक खूण दिली जाते: ही भित्री, ही खादाड, ही झोपाळू. पट्टी महिन्यातून एकदा वाचताना चालतं. तशा पन्नास पट्ट्या जोडून चोवीस मिनिटांचा भाग केला की ती खूण डोक्यात जाते, आणि मधल्या जागा भराव्या लागतात. भरणारा चांगला असला तर ‘के-ऑन!’ होतं. नाहीतर भित्री मुलगी प्रत्येक भागात चार वेळा किंचाळते, आणि एका भागात अचानक धीट होते, कारण त्या भागात भूताचा विनोद नव्हता.

तिसरं म्हणजे माणसंच बदलतात. ‘लकी स्टार’चे (२००७) पहिले चार भाग युताका यामामोतो यांनी दिग्दर्शित केले, तिथून पुढे यासुहिरो ताकेमोतो आले. त्या चार भागांचा संथ, रेंगाळता सूर आणि नंतरचा वेग मला तरी वेगळा जाणवतो. चॉकलेट कॉर्नेट कुठल्या टोकाकडून खायचं यावर पहिल्या भागात ज्या निवांतपणे चर्चा चालते, ती नंतर तशी सापडत नाही. नायिका कोनाता मात्र शाबूत राहिली. खेळात तरबेज असूनही क्रीडा क्लबात जायचं नाही, कारण संध्याकाळचं ॲनिमे चुकेल! असं भक्कम कारण असलेलं पात्र सहज हलत नाही.

काही मालिकांत भागांचा क्रमच उलटसुलट असतो म्हणे?

हो. शाफ्ट स्टुडिओच्या ‘हिदामारी स्केच’चा पहिला सीझन (२००७) तारखांच्या क्रमाने दाखवलाच नाही. त्यामुळे युनो आणि मियाकोची मैत्री एका भागात मुरलेली आणि पुढच्यात जरा नवखी वाटू शकते. ती चूक समजून घसा कोरडा करू नका. भागाच्या नावात तारीख असते, ती बघा.

‘नॉन नॉन बियोरी रिपीट’चं (२०१५) वेगळंच. पहिल्या सीझनमध्ये वर्ष सरलं, आणि दुसरा सीझन तेच वर्ष पुन्हा पहिल्यापासून घेतो, आधी न दाखवलेले दिवस दाखवत. ‘त्यातली चिमुकली रेंगे मोठी का होत नाही?’ असं विचारणाऱ्यांना एवढंच उत्तर. तिसऱ्यात (२०२१) वर्ष खरंच पुढे सरकतं.

जपानी प्रेक्षक याला काय म्हणतात?

‘क्यारा होकाइ’, म्हणजे पात्र कोसळणं. जरा सौम्य म्हणायचं असेल तर ‘क्यारा बुरे’, पात्र हललं. हात हलून फोटो बिघडावा तसं. आणि फरक गोड वाटला तर त्यालाच ‘ग्यॅप मोए’ म्हणतात (मोए म्हणजे पात्रावर जीव जडणं). म्हणजे आवडलं तर मोए, नाही आवडलं तर होकाइ. चाहते सगळीकडे सारखेच.

सबटायटलमुळे असं वाटत असेल का?

पुष्कळदा. आणि मराठी प्रेक्षकाला हे इंग्रजी बघणाऱ्यापेक्षा लवकर कळायला हवं, कारण आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे.

जपानी मुलगी ‘मी’ कशी म्हणते यावरूनच तिचा स्वभाव अर्धा ठरतो. वाताशी म्हणेल, आताशी म्हणेल, उची म्हणेल, एखादी मुलग्यांसारखं बोकु म्हणेल. रेंगे स्वतःला ‘उची’ म्हणते आणि वाक्याच्या शेवटी तिचं ते ‘नोन’ लावते. इंग्रजीत सगळ्याचं एकच ‘आय’. होतारू मोठ्या मुलींशी ‘देस’, ‘मास’ ही अदबीची शेपटं लावून बोलते आणि आईशी ते सगळं सोडून देते. कान जपानीकडे असला तर आईसमोर आलेली होतारू पहिल्या वाक्यातच वेगळी कळते, नुसतं इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ‘ही अशी काय करतेय?’ वाटतं.

आझुसाचं तर फारच नुकसान होतं. ती ‘युइ सेंपाइ’ (सेंपाइ म्हणजे वरच्या वर्गातली) म्हणून, आदरार्थी क्रियापदं वापरून युइला झापत असते. ‘अहो आई’ म्हणत टोमणा मारणारी सून आपण पाहिलेली आहे, तीच जात. मराठीत करायचं तर ‘युइताई, आता पुरे हं, उठा बघू’ असं काहीतरी करता येईल. इंग्रजीत सेंपाइ गाळून नुसतं ‘युइ, सराव कर’ राहिलं की आझुसा एका भागात उद्धट आणि पुढच्या भागात लाडावलेली दिसते. मूळ आवाजात ती सबंध वेळ एकच मुलगी असते.

‘आझुमांगा दाइओ’तल्या, ओसाका या टोपणनावाच्या मुलीबद्दलही तेच. ओसाका शहराची माणसं बडबडी, हजरजबाबी, पैशाला पक्की असा जपानात समज आहे. ही मुलगी बोलते ओसाकाकडच्या ढंगात, पण स्वभावाने इतकी संथ की वर्गात बसल्या बसल्या तिचं डोकं भलतीकडेच गेलेलं असतं. सगळा विनोद या अपेक्षाभंगात आहे. बोलीचा ढंग भाषांतरात गेला की उरते ती नुसती विचित्र मुलगी.

‘तामाको मार्केट’ आणि ‘तामाको लव्ह स्टोरी’ यांतली तामाको एकच आहे का?

इथे मी थोडा डळमळतो. २०१३ ची मालिका म्हणजे बोलणारा जाडा पक्षी, बाजारपेठेतली गोड माणसं, आणि मोची या तांदळाच्या जपानी मिठाईच्या दुकानातली उत्साही तामाको, जिला समोरच्या दुकानातल्या मोचिझोचं मन शेवटपर्यंत कळत नाही. २०१४ चा चित्रपट त्याच दिग्दर्शिकेचा आणि त्याच लेखिकेचा, यामादा आणि रेइको योशिदा. पण पक्षी जवळपास गायब, आणि क्योतोच्या कामो नदीतल्या दगडांवर मोचिझो मनातलं बोलून टाकतो तेव्हा तामाको अक्षरशः पाण्यात पडते. नंतरची तामाको बोलायला चाचरते, टाळते, गोंधळते.

‘ही ती नव्हेच’ असं म्हणणाऱ्यांना मी पूर्ण खोडून काढू शकत नाही, कारण सूर खरोखरच बदललाय. पण एक छोटी गोष्ट बघा. दोन घरांच्या खिडक्यांमधून कागदी पेल्यांचा दोरीचा फोन फेकला जातो आणि तामाकोला तो कधीच नीट झेलता येत नाही. चित्रपट ही गोष्ट शेवटच्या प्रसंगापर्यंत विसरत नाही. तिथे काय होतं ते सांगत नाही, एवढं एक राखून ठेवतो.

‘उमारू-चान’ला विसंगत का म्हणत नाहीत?

कारण तिथे दोन तोंडं हाच खेळ आहे. बाहेर सर्वगुणसंपन्न, घरात हॅमस्टरची टोपी, कोला आणि चिप्स. माझी तक्रार वेगळी आहे: काही भागांनंतर भावाला दिलेला त्रास आणि त्याची माफी यांचं चक्र तेच राहतं. पात्र हलत नाही, पण सरकतही नाही.

‘बोच्ची द रॉक!’मध्ये हितोरी एकदम छान वाजवते, मग पुन्हा वाईट. हे काय?

हे त्यांनी पहिल्याच भागात उलगडून ठेवलंय. या भयंकर लाजाळू मुलीने तीन वर्षं कपाटात बसून एकटीने गिटारचा सराव केला. इंटरनेटवर ती ‘गिटार हीरो’ आहे. पण दुसऱ्यांच्या तालाशी जुळवून घेणं, डोळ्यांत बघून इशारा ओळखणं हे तिने कधी केलेलंच नाही, म्हणून पहिल्या कार्यक्रमात, तोही आंब्याच्या खोक्यात लपून, तिचं वादन सुमार होतं. भजनी मंडळात नवीन आलेला तबलजी घरी कितीही छान वाजवत असला तरी पहिल्या एकादशीला चाचपडतो, तेच.

आठव्या भागात वादळामुळे श्रोते तुरळक, पहिलं गाणं पडलेलं, सगळ्यांचा धीर सुटलेला. तेव्हा ती दुसऱ्या गाण्याआधी एकटीच गिटार छेडायला लागते. नववा भाग सुरू होतो तेव्हा ती परत कोपऱ्यात. ‘मग आठव्याचा उपयोग काय?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा आपल्या पहिल्या भाषणानंतरचा दुसरा दिवस आठवून बघावा.

वर्षानुवर्षं वय न वाढणाऱ्या नायिकांचं काय?

‘साझाए-सान’ १९६९ पासून चालू आहे आणि साझाए अजून तेवढीच तरुण गृहिणी. इतक्या वर्षांत लिहिणारे किती आले आणि गेले. अशा मालिकेत सुसंगती म्हणजे घराची रीत: जेवणाचं टेबल, बापाचा राग, धाकट्याची लबाडी. हिंदीतून ‘डोरेमॉन’ बघत वाढलेल्यांना शिझुका आठवेल. गुणी, नीटनेटकी, आणि व्हायोलिन मात्र ऐकवत नाही असं वाजवणारी. भाजलेली रताळी आवडतात हे ती लपवते. एवढ्या दोन खोडींवर तिचं पात्र टिकून आहे.

मग लेखक खरंच चुकतात असं तुम्ही कधी म्हणता की नाही?

म्हणतो की. समुद्रकिनाऱ्याचा किंवा गरम पाण्याच्या झऱ्याचा भाग आला, आणि आठ भाग लाजरी असलेली मुलगी कॅमेऱ्याच्या सोयीसाठी निर्लज्ज झाली, तर तो दोष. शेवटून दुसऱ्या भागात रडारड हवी म्हणून जिवलग मैत्रिणींनी एकमेकींशी साधं बोलणं टाळलं, तर तोही. अशा वेळी ‘माणसं बदलतात’ ही सबब मला चालत नाही. माणसं बदलतात, पण दर मंगळवारी नाही.

उलट चांगलं उदाहरण हवं तर ‘युरु कॅम्प’मधली, एकटीने कॅम्पिंगला जाणारी रिन. नादेशिको तिला पहिल्यांदा कॅम्पिंगच्या क्लबात बोलावते तेव्हा रिनचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा होतो. पुढे ती सगळ्यांबरोबर तंबू ठोकू लागते, पण एकटीने जाणं सोडत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये तर तिचं बघून नादेशिकोच एकटीने कॅम्पिंगला निघते.

मधले भाग गाळून बघितले तर चालतं का?

‘आझुमांगा’त बरंचसं चालेल. एकेक भाग पाच छोट्या तुकड्यांचा आहे, ते आधी आठवड्याच्या एकेका दिवशी दाखवायचे. पण ‘नॉन नॉन बियोरी’चा चौथा भाग कृपा करून गाळू नका.

रेंगे सहा वर्षांची, चेहरा कायम दगडासारखा, बोलणं म्हाताऱ्यासारखं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला तिच्याच वयाची होनोका भेटते, आजीकडे आलेली. गावात तिच्या वयाचं दुसरं कुणीच नाही. दोघी फोटो काढत हिंडतात. एक दिवस रेंगे नेहमीसारखी बोलवायला जाते, तर आजी दारात येऊन सांगते की अचानक निघावं लागलं, ती गेली. कॅमेरा रेंगेच्या चेहऱ्यावर थांबतो आणि थांबूनच राहतो. ना संगीत, ना संवाद. चेहरा तोच दगडी, फक्त डोळे हळूहळू भरत जातात. मला कुणीतरी म्हणालं होतं, ‘भावना नसलेलं पात्र अचानक रडवलं, विसंगत आहे.’ मी त्याला तो भाग शेवटपर्यंत बघायला लावला. पुढे रेंगेच्या नावाने पत्र येतं, आत दोघींचा फोटो.